अनुदानाची जागा शिष्यवृत्ती घेईल काय?

दहावी-बारावीचे निकाल लागून जून महिना उजाडला, की सातारा जिल्ह्यातील तालुक्याच्या गावांना एक वेगळेच रूप येते. एस. टी. स्थानकाच्या भिंती, चौकातील खांब आणि वर्तमानपत्रांची पाने शाळा-महाविद्यालयांच्या जाहिरातींनी भरून जातात. आणि त्याच वेळी तहसील कचेरीच्या आवारातील सेतू केंद्रापुढे उत्पन्नाच्या, जातीच्या आणि रहिवासाच्या दाखल्यांसाठी पालकांची रांग लागते. जाहिराती सांगतात की, निवडीला आता तोटा नाही. रांग सांगते की, निवड करण्याची ऐपत फार थोड्यांची आहे. या दोहोंमधील अंतर शिष्यवृत्तीने भरून निघेल, असे राज्यकर्ते गेली काही वर्षे सांगत आहेत. ते खरोखर भरून निघते काय, हा आजचा प्रश्न आहे.

शिष्यवृत्तीच्या योजना कमी आहेत, असे कोणी म्हणणार नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, इतर मागासवर्गीयांसाठी आहे, खुल्या गटातील दुर्बलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क-योजना आहे, वसतिगृहाच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा भत्ता आहे. थोरांची नावे देण्यात शासनाने कंजुषी केलेली नाही. परंतु योजनांची संख्या वाढत असताना शिक्षण स्वस्त मात्र झालेले नाही. उलट ज्या काळात या योजना वाढल्या, नेमक्या त्याच काळात शिक्षण सर्वाधिक महाग झाले. हा योगायोग नव्हे. शासनाने संस्थेला अनुदान देण्याची जबाबदारी हळूहळू सोडली आणि तिच्या जागी विद्यार्थ्याच्या शुल्काची प्रतिपूर्ती करण्याचा मार्ग धरला. वरवर पाहता दोन्हींत पैसा शासनाचाच. पण या बदलाने शिक्षणातील सत्तेचा तोल पालटला, हे अद्याप पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही.

साताऱ्याचा वारसा

या प्रश्नाचा विचार सातारा जिल्ह्यापासून करणे योग्य ठरेल. कारण गरिबाच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा, याचे एक उत्तर याच मातीत शोधले गेले. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. सावित्रीबाईंचे जन्मगाव खंडाळा तालुक्यातील नायगाव. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी मांडलेला मुद्दा मूलतः अर्थशास्त्रीय होता. सरकारी महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या श्रमातून येतो आणि त्यातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हे त्यांचे म्हणणे होते. बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी त्या हिशेबातूनच निघाली.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर यांचे नाव साताऱ्यातील सरकारी शाळेच्या पटावर दाखल झाले. त्या शाळेत त्यांच्या वाट्याला आलेली अस्पृश्यतेची वागणूक विसरता येत नाही. परंतु शाळा सरकारी होती म्हणून ते दार बंद करता आले नाही, हेही तितकेच खरे. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभारली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. आधी राहण्या-जेवण्याची सोय, मग शिक्षण, हा क्रम त्यांनी ओळखला होता.

तोच क्रम कर्मवीर भाऊराव पाटील यांनी पुढे नेला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली; १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास आले. सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवणाऱ्या त्या वसतिगृहाला १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासह, मोडले. मुष्टिफंडातून मूठमूठ धान्य जमा झाले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि ‘कमवा व शिका’ या मार्गाने शेतकरी-शेतमजुरांची मुले पदवीपर्यंत पोहोचू लागली. १९५४ साली कराडला दुसरे महाविद्यालय निघाले.

या साऱ्या शाळा-महाविद्यालये सरकारी नव्हती, तर खाजगी संस्थांचीच होती, ही बाब येथे मुद्दाम नोंदवली पाहिजे. ‘खाजगी शिक्षण’ या शब्दाचा महाराष्ट्रातील मूळ अर्थ लोकवर्गणीतून उभे राहिलेले व शासकीय अनुदानावर चालणारे शिक्षण असा होता. नफा हा त्याचा हेतू नव्हता, आणि विद्यार्थी हा त्याचा ग्राहक नव्हता.

१९५९ साली, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना जातीची अट न घालता शुल्कमाफी देण्याचे धोरण स्वीकारले गेले. पुढे वार्षिक १,२०० रुपयांची उत्पन्नमर्यादा आणि ‘ई. बी. सी.’ ही तीन अक्षरे खेड्यापाड्यांत पोहोचली. कितीतरी शिक्षक, तलाठी, अभियंते व वकील या सवलतीने घडले. मात्र तिच्या यशाचे रहस्य तिच्यात नव्हते. महाविद्यालय अनुदानावर चालत होते, म्हणून शुल्क मुळातच थोडे होते; ते माफ करणे शासनाला परवडत होते आणि उरलेला खर्च वसतिगृहात श्रम करून भागवणे विद्यार्थ्याला शक्य होते. अनुदान हा पाया होता. शुल्कमाफी ही त्यावरची एक पायरी होती. पाया काढून घेऊन केवळ पायरी उंच करीत नेली, तर तिच्यावर चढणार कोण?

१९८३ चे वळण

पाया काढून घेण्यास आरंभ झाला तो १९८३ साली. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये काढण्यास शासनाने परवानगी दिली. त्या वेळी दिले गेलेले समर्थन अगदीच निराधार नव्हते. महाराष्ट्रातील मुले लाखो रुपये घेऊन कर्नाटकात प्रवेशासाठी जात होती. शासकीय जागा अत्यल्प होत्या. शासनाजवळ नव्या महाविद्यालयांसाठी निधी नाही, असे सांगितले जात होते. पण तात्पुरती तडजोड म्हणून उघडलेले दार पुढे राजरस्ता बनले. देणगीच्या नावाखाली चाललेल्या वसुलीविरुद्ध १९८७ साली शासनालाच कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला, यावरून पहिल्या चार वर्षांतच काय घडले असेल याची कल्पना येते.

सातारा जिल्ह्यापुरते पाहिले तरी चित्र बोलके आहे. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० सालचे. त्यानंतर जिल्ह्यात अभियांत्रिकीच्या जागा वाढल्या त्या प्रामुख्याने विनाअनुदानित संस्थांतून. कराडला खाजगी वैद्यकीय महाविद्यालय १९८४ साली निघाले. साताऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची पहिली तुकडी मात्र २०२१-२२ या शैक्षणिक वर्षाची. मधली ३७ वर्षे या जिल्ह्यातील गरीब घरच्या हुशार मुलाला आपल्या जिल्ह्यात डॉक्टर होण्यासाठी शासकीय जागा नव्हती. ज्या जिल्ह्याने राज्याला मुख्यमंत्री दिले, मंत्री दिले, सहकारसम्राट दिले, त्या जिल्ह्याची ही कथा आहे. ते वैद्यकीय महाविद्यालय उशिरा का होईना निघाले, यावरून एक गोष्ट मात्र सिद्ध होते: निधी नव्हता असे नाही, अग्रक्रम नव्हता.

पुढे हेच धोरण खाली उतरले. २००१ साली ‘कायम विनाअनुदानित’ हा शब्दप्रयोग शाळांच्या परवानग्यांत आला. यातील ‘कायम’ हा शब्द वगळण्यास २००९ साल उजाडावे लागले, आणि त्यानंतरही अनुदानाचा पहिला टप्पा पदरात पडावा म्हणून शिक्षकांना मुंबईच्या आझाद मैदानावर वर्षानुवर्षे बसावे लागले. २०१२ च्या कायद्याने ‘स्वयंअर्थसहाय्यित शाळा’ हा नवा वर्ग निर्माण केला. नाव भारदस्त आहे; अर्थ इतकाच की, शाळेचा सर्व खर्च पालकांनी सोसावा. आणि आता अनुदानित महाविद्यालयाच्या आवारातच, त्याच इमारतीत, संगणकशास्त्र व व्यवस्थापन यांसारख्या मागणी असलेल्या अभ्यासक्रमांच्या विनाअनुदानित तुकड्या चालतात. मराठी, इतिहास आणि अर्थशास्त्र अनुदानावर. नोकरीची आशा दाखवणारे विषय शुल्कावर. गरिबाच्या वाट्याला कोणते विषय यावेत, हे असे गुणवत्तेने नव्हे तर शुल्कपत्रकाने ठरते.

प्रतिपूर्तीचे अर्थकारण

येथे शिष्यवृत्ती पुढे येते. शुल्क महाग झाले आहे हे शासनाला मान्य आहे. म्हणून ते शुल्क, पूर्ण वा अर्धे, शासन भरते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर शासनाने पुरवठ्याला देण्याचे साहाय्य काढून घेतले आणि मागणीला साहाय्य दिले. याचे परिणाम तपासले पाहिजेत.

पहिला परिणाम किमतीवर होतो. व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, आणि ते ठरवताना संस्थेने दाखवलेला खर्च हा मुख्य आधार असतो. ज्या संस्थेचा ताळेबंद जितका फुगलेला, तितके तिचे शुल्क मोठे. विद्यार्थ्यांपैकी मोठ्या वर्गाचे शुल्क शासन भरणार हे निश्चित असल्यावर संस्थाचालकाला शुल्क कमी ठेवण्याचे कारण काय? अनुदान देताना शासन पदसंख्या ठरवत होते, वेतनश्रेणी ठरवत होते, हिशेब तपासत होते. प्रतिपूर्ती देताना ते केवळ देयक चुकते करते. त्याच संस्थेत प्राध्यापक तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात राबत असला, तरी शासनाच्या पैशाला त्याची दखल घेण्याचे कारण उरत नाही.

दुसरा परिणाम विद्यार्थ्याच्या घरावर होतो. राजर्षी शाहू शुल्क-योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या गटातील विद्यार्थ्याला व्यावसायिक अभ्यासक्रमाचे निम्मे शिक्षणशुल्क मिळते. समजा, शुल्क एक लाख रुपये आहे. शासनाने ५० हजार दिले, तरी ५० हजार उरले. मुलगा माण तालुक्यातील दुष्काळी गावचा असेल, तर त्याला साताऱ्यास वा कराडला राहावे लागेल. खोली व खाणावळ यांना महिन्याला पाच हजार धरले, तरी दहा महिन्यांचे ५० हजार होतात. म्हणजे अर्धी सवलत मिळूनही कुटुंबावर वर्षाला एक लाखाचा भार पडतो, आणि तो चार वर्षे. दोन एकर कोरडवाहू जमीन असलेला बाप हा पैसा आणणार कोठून? म्हशी विकून, सोसायटीचे कर्ज थकवून, नाहीतर मुंबईत माथाडीचे काम करणाऱ्या भावाकडून. पाटण-जावळीच्या डोंगरातून मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेलेल्या श्रमिकांनी दोन पिढ्या आपल्या घामातून गावाकडची शिक्षणे पुरी केली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या संपल्या. ती आर्थिक नाळही क्षीण झाली. शिष्यवृत्तीच्या कोणत्याही तक्त्यात हा हिशेब दिसत नाही.

तिसरा परिणाम वेळेचा आहे, आणि तो कदाचित सर्वांत क्रूर आहे. शुल्क प्रवेशाच्या दिवशी मागितले जाते. शिष्यवृत्ती वर्ष उलटल्यावर येते. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क घेऊ नये, असे शासनाचे आदेश असतात. आणि त्या आदेशांना बगल देण्याच्या युक्त्याही तयार असतात. विकासनिधी, अनामत, प्रयोगशाळा, ‘इतर शुल्क’ ही नावे त्यासाठीच असतात. महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अर्ज अडला, बँकखाते आधारशी जोडले गेले नाही, दाखल्याची मुदत संपली, यांपैकी कोणत्याही कारणाने रक्कम थांबली, की परीक्षेचे प्रवेशपत्र वा शाळा सोडल्याचा दाखला अडवला जातो. संस्थेला अनुदान उशिरा मिळाले, तर संस्था थकबाकी सोसत असे. प्रतिपूर्तीला उशीर झाला, तर तो सोसतो अठरा वर्षांचा मुलगा. राज्याच्या तिजोरीची अडचण तिच्याहून शतपटीने दुर्बल असलेल्या माणसाच्या डोक्यावर टाकण्याची ही युक्ती आहे.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा इतिहास यादृष्टीने उद्बोधक आहे. १९४४ साली, बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर असताना, ती सुरू झाली. शतकाच्या आरंभीच्या दशकांत केंद्राने आपला वाटा आक्रसत नेला आणि भार राज्यांवर ढकलला. थकबाकी साठत गेली. अखेर डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांची तरतूद मान्य करून केंद्राचा वाटा ६० टक्के ठरवला. ही सुधारणा स्वागतार्ह होती. परंतु २०२१ च्या सुधारित नियमांतही कुटुंबाची उत्पन्नमर्यादा अडीच लाखांवरच राहिली. खुल्या गटातील दुर्बल घटकासाठी ८ लाख आणि दलितासाठी अडीच लाख, हा न्याय कोणत्या तराजूतला? महाराष्ट्रात त्या मर्यादेवरील दलित विद्यार्थ्यास शुल्कमाफी मिळते हे खरे. पण निर्वाहभत्ता मिळत नाही. आणि पोट शुल्कमाफीने भरत नाही.

चौथा परिणाम उद्याचा आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय या गटांतील ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांमधील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले. हा निर्णय चांगला आहे, आणि विरोधकांनीही त्याला चांगलेच म्हटले पाहिजे. मात्र अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत. एकीकडे मोठ्या संस्थांना विद्यापीठाचा दर्जा घेण्यास उत्तेजन द्यावयाचे आणि दुसरीकडे अशा विद्यापीठांत सवलत लागू नाही असे म्हणावयाचे, याचा अर्थ एवढाच होतो की, सवलतीचे क्षेत्र दरवर्षी आपोआप आकुंचन पावेल. शिवाय ढेबेवाडी खोऱ्यातील मुलीचे शुल्क माफ झाले, तरी कराडला तिने राहावे कोठे? तिच्या आईबापांची पहिली शंका शुल्काची नसते. ती सुरक्षित वसतिगृहाची असते. शंभर वर्षांपूर्वी कर्मवीरांना जे कळले होते, ते आजच्या शासननिर्णयांना कळलेले नाही.

शाळेच्या पायरीवरच

महाविद्यालयाचा प्रश्न शाळेपासून तोडता येत नाही. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित व दुर्बल मुलांसाठी राखल्या गेल्या. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने अधिसूचना काढून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेची या बंधनातून सुटका केली. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली. कायद्याचा विजय झाला; पण ज्या शासनाने मुलांचा हक्क राखावयाचा त्याच्याविरुद्ध पालकांना न्यायालयात जावे लागले, हे विसरता कामा नये.

आणि या हक्काची मुदतही ध्यानात घेतली पाहिजे. तो आठवीला संपतो. मोफत प्रवेश मिळालेले मूल आठ वर्षे त्या शाळेत घडते, त्याच मित्रांत वाढते, आणि नववीच्या उंबरठ्यावर त्याच्या हाती पूर्ण शुल्काचे पत्रक येते. केंद्राची आर्थिक दुर्बल गुणवंतांची शिष्यवृत्ती नववी ते बारावीसाठी वर्षाला १२ हजार रुपये देते. पण ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठी आहे. खाजगी शाळेत शासनानेच पाठवलेल्या मुलाला ती मिळत नाही. एका योजनेने मुलाला दारात नेले आणि दुसरीने त्याला ओळख नाकारली. २०२२ साली केंद्राने अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद केली. कारण दिले ते असे की, शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफतच आहे. वह्या, चपला आणि बसभाडे मोफत झाल्याचे कोणी पाहिले आहे काय?

ज्यांची खाजगी शाळेत जाण्याची मुळीच शक्यता नाही, त्या मुलांचे काय? २०२३ साली राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे पंधरा हजार शाळांचे रूपांतर ‘समूहशाळां’त करण्याचा विचार शासनाने पुढे केला. त्याच सप्टेंबर महिन्यात सरकारी शाळा उद्योगसंस्थांना ‘दत्तक’ देण्याची योजना निघाली. महाबळेश्वर, जावळी आणि पाटण या तालुक्यांतील डोंगरवाड्यांवर पट वीसच्या वर जाणार कसा? तेथे आषाढात ओढा ओलांडून दुसऱ्या गावच्या शाळेत जायचे म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलीचे शिक्षण थांबणे होय. जवळची शाळा हाच या मुलांचा पहिला हक्क आहे. ती बंद झाली, तर पुढे कितीही शिष्यवृत्त्या ठेवल्या, तरी त्या घेण्यास कोणी उरणार नाही.

एक प्रतिवाद आणि त्याचे उत्तर

याला एक उत्तर दिले जाते, आणि ते टाळून चालणार नाही. पैसा संस्थेला देण्यापेक्षा विद्यार्थ्याच्या हाती द्यावा. तो हवी ती संस्था निवडेल, आणि स्पर्धेमुळे वाईट संस्था आपोआप मागे पडतील. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ साली हा विचार मांडला आणि आज तो जगभर फिरतो आहे. आपल्याकडील अनुदानित संस्थांचा कारभार पाहून काही पुरोगाम्यांनाही तो पटू लागला आहे. शिक्षकभरतीतील देवघेव, संस्थेत पिढीजात झालेली घराणेशाही, वर्गात न येणारे शिक्षक, या साऱ्याचे समर्थन कोणत्याही समाजवाद्याला करता येणार नाही. अनुदान ही काही पवित्र वस्तू नव्हे.

परंतु निवडीचे हे तर्कशास्त्र खेड्यात येताच कोलमडते. दहिवडी वा मेढ्याच्या परिसरात विज्ञानशाखेची किती कनिष्ठ महाविद्यालये हाताशी आहेत, की त्यांच्यात स्पर्धा व्हावी? बाजारात निवड करण्यास माहिती लागते, प्रवासास पैसा लागतो, आणि चूक झाली तर पुन्हा आरंभ करण्यास वर्ष वाया घालवण्याची ऐपत लागते. या तिन्ही गोष्टी ज्याच्याजवळ आहेत त्याला शिष्यवृत्तीची गरज नसते. शिवाय खाजगी संस्था विद्यार्थ्याला निवडते, विद्यार्थी संस्थेला नव्हे. प्रवेशपरीक्षा आणि तिच्या शिकवणीवर्गांचे शुल्क यांनी ती निवड आधीच झालेली असते; शिकवणीच्या शुल्काला कोणतीही सर्वसाधारण शिष्यवृत्ती लागू नाही. अनुदानित संस्था बिघडली, तर ती सुधारण्याचा अधिकार अनुदानासोबत शासनाकडे आणि शासनामार्फत जनतेकडे राहतो. तो वापरला गेला नाही, हा दोष राज्यकर्त्यांचा आहे. त्यासाठी तो अधिकारच सोडून देणे म्हणजे विहिरीत गाळ साचला म्हणून विहीर बुजवणे होय.

दुसरा आक्षेप निधीचा. निधी नाही, हे उत्तर प्रतिपूर्तीच्या युगात टिकत नाही. कारण आज जी रक्कम महागड्या शुल्कापोटी खाजगी संस्थांकडे जाते, ती शासनाचीच आहे. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर करावा असे सुचवले. कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक हे त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. सहा दशके होत आली तरी तो आकडा गाठला गेलेला नाही, आणि त्याच आयोगाने सुचवलेली परिसरातील समान शाळा तर स्मरणातूनही गेली आहे.

कार्यकर्त्यांपुढील काम

याचा अर्थ शिष्यवृत्त्यांना विरोध करावा, असा नव्हे. हाती असलेला आधार काढून घेण्याची भाषा गरिबाच्या चळवळीला शोभणार नाही. शिष्यवृत्ती हवीच, पण अनुदानाला जोड म्हणून, अनुदानाला पर्याय म्हणून नव्हे. त्या दृष्टीने काही मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त प्राध्यापकपदे भरावीत आणि तेथील नव्या अभ्यासक्रमांना अनुदान द्यावे. प्रत्येक तालुक्याच्या गावी शासकीय वसतिगृह असावे, आणि त्यातील पहिले मुलींचे असावे. सर्व गटांची उत्पन्नमर्यादा एकच असावी व ती दरवर्षी महागाईच्या निर्देशांकाशी जोडावी. प्रतिपूर्तीस उशीर झाला तर शासन व संस्था यांनी तो आपसांत निस्तरावा. विद्यार्थ्याचे प्रवेशपत्र अडवणे हा दंडनीय अपराध ठरवावा. शिक्षणहक्काची मर्यादा आठवीवरून बारावीपर्यंत न्यावी.

मागण्यांचे ठराव करणे सोपे असते. पक्षाच्या दप्तरात त्यांची वाण नाही. त्यापेक्षा अवघड आणि अधिक मोलाचे काम गावोगाव पडले आहे. जून-जुलैत सेतू केंद्राबाहेर टेबल मांडून दाखले व अर्ज भरून देणारी दोन तरुण मुले प्रत्येक तालुक्यात उभी राहू शकतात. महाविद्यालयाने मंजूर शुल्काचा फलक लावला आहे की नाही, आणि त्याहून अधिक काय घेतले जाते, याची नोंद ठेवता येते. कोणाची शिष्यवृत्ती किती महिने थकली, याची नावनिशीवार यादी करून समाजकल्याण कार्यालयापुढे ठेवता येते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत असा कायदा आहे. या समित्या आज अनेक ठिकाणी कागदावरच आहेत. त्या जागत्या केल्या, तर वाडीवरची शाळा गुपचूप बंद करणे कोणालाही सोपे जाणार नाही. खाजगी शाळांच्या शुल्कासंबंधीच्या २०११ च्या कायद्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला शुल्क ठरवण्यात स्थान दिले आहे. त्याचा उपयोग करण्यास संघटित पालक लागतात, आणि संघटन हे तर कार्यकर्त्याचेच काम आहे.

एक प्रश्न कार्यकर्त्यांनी स्वतःलाही विचारावा. सभेत समान शाळेवर बोलणाऱ्यांपैकी कितीजणांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत? उत्तर अडचणीचे आहे, म्हणून प्रश्न टाळू नये. मध्यमवर्गाने सरकारी शाळा सोडली, तेव्हा तिच्यासाठी आवाज उठवणारा वर्गच नाहीसा झाला, आणि शासनाला ती दुर्लक्षिणे सोपे झाले. ज्यांना शक्य आहे त्यांनी तेथे परत जावे. ज्यांना शक्य नाही त्यांनी निदान त्या शाळेच्या पालकसभेत, वाचनालयात, छपराच्या दुरुस्तीत आपला वाटा उचलावा. मुष्टिफंडाच्या काळी ज्या बायाबापड्यांनी मूठभर ज्वारी दिली, त्यांच्यापैकी बहुतेकींना स्वतःला वाचता येत नव्हते. ते धान्य त्यांनी आपल्याच मुलासाठी म्हणून दिले नव्हते. गावच्या, परगावच्या, परजातीच्या मुलासाठी दिले होते. ते दायित्व पुढे शासनाने स्वीकारले, याचेच नाव अनुदान. ते शासनाला पुन्हा स्वीकारावयास लावणे, हे सातारा जिल्ह्यातील आणि त्याबाहेरीलही समाजवादी चळवळीचे आजचे काम आहे.